नऊ रिकामे मजले

मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत ऑफिसच्या किती जागा रिकाम्या पडल्या आहेत, हे दर तीन महिन्यांनी मोजण्याचं काम आम्ही चौदा जण अमरावतीत बसून करतो. राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या डोक्यावर. जिन्याच्या तोंडाशी पोरं गाड्या अशा लावून जातात की आडवं होऊन वर चढावं लागतं. वर एकच हॉल. त्यात बसून आम्ही मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा दहा शहरांचे लाखो चौरस फूट एका तक्त्यात मांडतो. कोणतं शहर भरलेलं, कोणतं ओस. कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात आहे. आम्ही स्वस्तात मिळतो म्हणून हे काम आमच्याकडे आलं, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि पहिल्या दिवसापासून त्याचा राग यायचा.

बिल्डरची माणसं फोनवर एकच सांगतात, सगळं फुल आहे मॅडम. म्हणून मी गार्डला विचारायची. पुण्यातल्या टॉवरांच्या गेटवर वऱ्हाडातली पोरं काही कमी नाहीत. माझा मावसभाऊ गोपाल त्यातलाच, बाळापूरचा, पार्बतामावशीचा एकुलता एक. एका बावीस मजली टॉवरच्या गेटवर त्याची दिवसपाळी असायची. कोणत्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचे किती जार चढले, ते रजिस्टरात तोच लिहायचा.

"कागदावर कोनाचंबी नाव लावता येते, ताई," तो म्हणायचा. "पन जिथी मानूसच नाई, तिथी पानी कोन पेते?"

नऊ मजल्यांवर वर्षभर एक जार चढला नव्हता. बिल्डर म्हणत होता, एकच मजला बाकी आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी तक्त्यात नऊ लिहिले. खालच्या शहरांत फरक दशांशाचाच होता; त्या एका टॉवरने पुणं यादीत पार तळाला गेलं आणि खरं सांगते, मला मजा आली.

आकड्यापुढे 'माहिती कोणाकडून' असा रकाना असतो. बाकीचे तिथे 'स्थानिक चौकशी' लिहून मोकळे होतात. आमच्या गावाकडे मात्र माणूस कोणाचा, कोणत्या गावचा हे कळल्याशिवाय त्याच्या शब्दाला कोणी किंमत देत नाही. मी गोपालचं पूर्ण नाव लिहिलं, त्याचं काम लिहिलं, मु. पो. बाळापूर, जि. अकोला हेही लिहिलं. आकडा पक्का व्हावा म्हणून. तो तक्ता पुण्याच्या ऑफिसातून जसाच्या तसा त्या बिल्डरकडे तपासायला गेला. चौथ्या दिवशी गोपालच्या अंगावरचा युनिफॉर्म काढून घेतला आणि त्याला गेटबाहेर काढलं.

अंकुर सर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आले. आमचे साहेब. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

"साधना, नवाचे दोन करून टाक. ते आपले क्लायंट आहेत. एवढ्या मोठ्या तक्त्यात एका टॉवरने काय होतं? आणि तुझ्या त्या गार्डचं मी बोलतो त्यांच्याशी. येईल परत कामावर."

"आणि मी नाही बदलला तर?"

"मग मी कोणत्या तोंडाने बोलू त्यांच्याशी?" ते हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलणार बिल्डर, खपवणार हे, आणि घरी बसणार गोपाल. रविवारी सकाळी बस पकडली. अकोल्याला गाडी बदलून बाळापूरला पोहोचेपर्यंत मनात भांडण रचत होते. पेपरवाल्यांना सांगेन. राजीनामा तोंडावर फेकेन.

मावशी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. गोपाल बाजेवर पडला होता, तो उठून बसला.

"म्या काई आकडा बदलवत नाई," मी बसायच्या आधीच म्हटलं. "आपुन लढू."

"आपुन म्हंजे कोन?" गोपाल म्हणाला. "तुही नोकरी हाय न अजून?"

मावशीने सुपातून मान वर न करताच विचारलं.

"त्याचं नाव लिवलं त तवा त्याले इचारलं होतं का, बाई?"

"नाई."

"मंग आता तरी इचार."

मी विचारलं. वाटलं होतं, निदान तो चिडेल, मला दोन शब्द सुनावेल.

"बदलव," तो म्हणाला. "थे मजले रिकामे हायेत हे मले मालूम हाय, तुले मालूम हाय, थ्या बिल्डरलेबी मालूम हाय. मंग सांगाचं कोनाले रायलं?"

मी त्याच्यावर ओरडले. असंच गप्प बसता म्हणून हे लोक आपल्याला तुडवतात, असं काहीबाही बोलले. तो मावशीच्या सुपातल्या शेंगा सोलू लागला. मावशीने जेवून जा म्हटलं. मी जेवले नाही.

सोमवारी दहा वाजता नवाचे दोन केले. गोपालचं नाव खोडून 'स्थानिक चौकशी' लिहिलं. पुणं तळातून चार ओळी वर चढलं. अंकुर सरांनी चॅटवर अंगठा पाठवला. मला त्यांचा राग होता, बिल्डरचा होता, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा होता. एवढा खऱ्याचा पुळका असलेल्या माझं नाव त्या अख्ख्या तक्त्यात कुठेच नव्हतं. खरेपणा माझा आणि भोगायला तो.

गोपालला परत घेतलं. तीन महिने मला त्याला फोन करायला तोंड नव्हतं. मग एका दुपारी केलाच.

"गोपाल, म्या बोलून राहिली. कसा हायेस बाप्पा?"

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मॅडम, बिल्डिंगची माहिती आम्ही बाहेर देत नाही. मॅनेजमेंटशी बोला."

स्वच्छ, पुण्याचं मराठी. त्याच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. शेजारी कोणी उभं होतं की नव्हतं, देव जाणे.

"अरे, बिल्डिंगचं नाई इचारून राहिली म्या. तुह्यं इचारून राहिली. मावशी बरी हाय न?"

"माफ करा मॅडम," गोपाल म्हणाला, "मी तुम्हाला ओळखत नाही." आणि त्याने फोन ठेवला.