कप्तान शेवटी पाणी पितो

आमच्या दूध सोसायटीचा पाण्याचा टँकर आला की चेअरमनचं घर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरतं. हा नियम कुठून आला, असं आमच्या वयाच्या कुणालाही विचारा. तो सांगेल, "घागरीतून."

घागर म्हणजे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी एक इंग्रजी मालिका. तिचं खरं नाव तेव्हा आमच्यापैकी कुणाला वाचता आलं नाही. आभाळातून चाललेलं एक यान, बुडाशी गोल आणि तोंडाशी निमुळतं, म्हणून घागर. त्यातल्या माणसांची जमीन सुकून गेली होती आणि ती दुसरी जमीन शोधत हिंडत होती. आमचं गाव नांदूरघाटच्या अंगाला. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात सगळं गाव, आमच्या धनगरवस्तीसकट, सोसायटीच्या पडवीत ती मालिका बघायला जमायचं. टीव्ही सोसायटीचा, काळा-पांढरा. सेक्रेटरी रामकिसनराव छडी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि कोण काय बोललं ते आम्हाला सांगायचे.

एका रविवारी यानातलं पाणी संपलं. मग एका दगडधोंड्यांच्या मुलखात पाणी सापडलं. कप्तानाने सगळ्यांना पेले भरून दिले, आपण हाताची घडी घालून उभा राहिला आणि सगळ्यांचं झाल्यावर प्यायला. रामकिसनराव म्हणाले, "बघा. म्होरक्या असावा तर असा."

त्याच आठवड्यात टँकर आला तेव्हा माझ्या बायकोने, दगडाबाईने, त्या वेळच्या चेअरमनच्या घागरी रांगेतून उचलल्या आणि शेवटी नेऊन ठेवल्या. बायका म्हणाल्या, कप्तान शेवटी पितो. चेअरमनही ती मालिका बघत होते, त्यांनी घागरी तिथेच राहू दिल्या. पुढे सगळ्यांच्या ध्यानात आलं, की चेअरमनच्या घागरी रिकाम्या राहिल्या की दुसरा टँकर लवकर येतो. नियम टिकला.

यंदा पुन्हा पाऊस गेला. सुंदरराव नवे चेअरमन झाले होते. त्यांच्या गोठ्यात जर्सी गायी बऱ्याच. त्यांनी सभेत मांडलं, ज्याचं दूध जास्त त्याने पाणी आधी भरायचं. वस्तीवर आमच्या दोन म्हशी आणि बाकी शेळ्या-मेंढ्या. असं झालं तर टँकर ज्या हौदात रिकामा होतो, त्याच्या तळाचा गाळ आमच्या वाट्याला आला असता. जनावरं विकून निघायचं, एवढंच उरलं असतं.

"चेअरमन शेवटी भरतो, असं कुठं लिहिलंय?" सुंदररावांनी विचारलं.

"लिहिलेलं न्हाई," दगडाबाई म्हणाली. "दाखवलेलं हाय. टीव्हीवर."

सभा हसली. सुंदररावही हसले. "मग मला बी दाखवा की मामी. त्या मालिकेत जे असंल ते आपल्याला मान्य. नसंल तर रांग दुधावर."

"सगळ्यांम्होरं बोललात बरं का."

"बोललो."

सोसायटीत दुधाचं फॅट मोजण्याच्या मशीनवर सत्यभामा नावाची मुलगी आहे. तिने मोबाईलवर ती मालिका शोधून काढली. कुणीतरी सगळे भाग टाकले होते आणि खाली हिंदीतून ओळी येत होत्या. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध यांच्यामधल्या रिकाम्या वेळात ती मोबाईल कचेरीतल्या टीव्हीला जोडायची. मी, दगडाबाई आणि आता काठी टेकत चालणारे रामकिसनराव, आम्ही बाकावर बसायचो. मी साक्षरतेच्या वर्गात उतारवयात अक्षरं शिकलेला. ओळ लांब आली की सत्यभामा चित्र थांबवायची, मी वाचायचो आणि दगडाबाईला सांगायचो.

पहिल्याच दिवशी नाव वाचलं, 'आख़िरी बंदरगाह', म्हणजे शेवटचं बंदर.

"घागरच बरं होतं," दगडाबाई म्हणाली.

मग रंग दिसले. इतकी वर्षं मी त्या माणसांचे कपडे पांढरे धरून चाललो होतो, ते हळदीसारखे पिवळे निघाले. आभाळ जांभळं होतं. चित्र थांबत असल्यामुळे तेव्हा न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. यानाला बांधलेली बारीक तार दिसली. एकच खडक तीन वेगळ्या मुलखांत उभा होता. यानात एक पत्र्याचा यंत्रमाणूस होता, त्याला आम्ही डबडा म्हणायचो. दगडाबाईचा तो फार लाडका. त्याच्या पत्र्याखालून माणसाची बोटं दिसली, तेव्हा ती टीव्हीला नाक लावून बघत राहिली.

"आत माणूस हाय की! बिचाऱ्याला किती उकडत असंल."

तार दिसली म्हणून यान काही खाली पडलं नाही. उलट आम्हाला जास्तच गोडी लागली. हे कुणी बनवलं असेल, तो खडक कशाचा असेल, अशा गोष्टी आम्ही घरी जातानाही बोलायचो.

गोष्ट मात्र जागोजाग वेगळी निघत होती. रामकिसनरावांनी ज्या दोघांना नवरा-बायको म्हणून सांगितलं होतं, ते भाऊ-बहीण निघाले.

"सेक्रेटरी," मी विचारलं, "तुमाला इंग्रजी येत होतं का हो?"

"येस आणि नो येत होतं," रामकिसनराव म्हणाले. "बाकीचं तोंडावरनं कळायचं."

"मग तवा कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी गप बसून ऐकत होता. मी मधेच काय म्हणू, मला कळंना?"

मग तो पाण्याचा भाग आला. कप्तानाने पेले भरले, वाटले, हाताची घडी घातली. त्याच्याशेजारी उभी असलेली मोकळ्या केसांची बाई, जिला आमच्या बायका झिपरी म्हणायच्या, त्याच्या कानाशी लागली. तो हळूच काहीतरी बोलला. सत्यभामाने चित्र थांबवलं. ओळ लांब नव्हती, तरी मी ती दोनदा वाचली.

"काय म्हणतोय?" दगडाबाईने विचारलं.

"म्हणतोय, पाणी कसं हाय ठाऊक न्हाई. आधी यांना पिऊ दे. कुणाला काय झालं न्हाई, तर मग मी पितो."

बाहेर कुणीतरी रिकामे कॅन आपटत होतं.

रामकिसनराव सत्यभामाकडे वळले. "पोरी, ह्या ओळी बंद करता येत्यात का?"

"येत्यात."

"मग करून ठेव. सुंदररावाला नुसतं चित्र दाखवू. शेवटी पिला का न्हाई? पिला. त्यात लबाडी काय हाय?"

मला ते पटलं, खरं सांगतो. माझ्या डोळ्यांपुढे हौदाचा गाळ होता. मी सत्यभामाला म्हणालो, "कर बंद." तिने मोबाईल उचललाही.

"थांब गं," दगडाबाई म्हणाली. "म्होरचा भाग लाव आधी. ओळींसकट."

"आता म्होरचं कशाला?" मी म्हणालो.

"तो असं वागला, ते ह्या माणसांना कळलं का न्हाई? मला बघायचंय."

पुढचा भाग मला आठवत होता. सगळे कप्तानाभोवती गोल उभे राहतात आणि झिपरी त्याच्या हातात पेला देते. रामकिसनरावांनी तेव्हा सांगितलं होतं, की हा कप्तानाचा सत्कार चालला आहे, आणि आमच्या पडवीने टाळ्या वाजवल्या होत्या.

सत्यभामाने तो भाग लावला. गोल उभा राहिला, पेला आला. या वेळी मी नीट बघितलं, त्या गोलात एकही माणूस हसत नव्हता. झिपरी बोलली. मी ओळ वाचली आणि मोठ्याने सांगितली.

"आजपासून नवं पाणी पहिल्यांदा तू पिशील. आम्ही बघत राहू. आणि तुझा वाटा तू सगळ्यांच्या शेवटी घेशील."

दगडाबाईने पदर सावरला. "बोलवा चेअरमनला."

सुंदरराव आले, सोबत सभेतले पाचसात जण आले. ओळींसकट लावलेला पाण्याचा भाग संपला तेव्हा सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. "हा तर भामटा निघाला! ह्याच्या नावावर तुमी आमाला मागं ठेवत होता?"

"बसा, अजून हाय," दगडाबाई म्हणाली.

पुढच्या भागात झिपरीची ती ओळ आली. सुंदररावांनी ती स्वतःच वाचली. मग सत्यभामाला मागे घ्यायला सांगून परत वाचली.

"ही मालिका हाय, मामी. नाटक हाय."

"आत्ता नाटक झालं? सगळ्यांम्होरं काय बोललात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मान्य म्हणले होते चेअरमन." लोक हसायला लागले. सुंदररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं," ते म्हणाले. "बोललो ते बोललो."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. पाणी कुठल्या तलावाच्या तळाचं होतं कोण जाणे, पिवळट दिसत होतं. दगडाबाईने स्टीलचा पेला भरला आणि सुंदररावांच्या हातात दिला. सगळे गोल करून उभे राहिले. सुंदररावांनी इकडेतिकडे बघितलं आणि पेला एका दमात रिकामा केला.

"कसं हाय?"

"मचूळ हाय लई."

"मग थांबा जरा. आमी बघतो."

सुंदरराव हौदाच्या कट्ट्यावर बसले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांच्या घागरी रांगेच्या शेवटी, आमच्या वस्तीच्या घागरींच्याही मागे होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "हरिबामामा, त्या कप्तानाचं म्होरं काय होतं?"

"सेक्रेटरी म्हणले होते, राजा होतो," मी म्हणालो. "पण आता त्यांच्यावर भरवसा न्हाई. उद्या दूध घातल्यावर बघायला या."