तिसऱ्यांदा न विचारलेलं थर्माकोल

हे कुणालाच पटणार नाही, पण आर्विडच्या गॅरेजनं भर जानेवारीत एका अस्वलाला झोपेतून उठवलं होतं. हसू नका, लव्हॉनबाई. तुमचंच हॉटेल आहे, कॉफी ओता आणि ऐका.

आर्विड बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आपल्या मिनेसोटात तळी गोठली की बोटी त्याच्या गॅरेजात येत आणि तो गारढोण जमिनीवर गुडघे टेकून बसे. शेवटी गुडघे बोलायला लागले. लेक मार्लिस ॲरिझोनाहून फोनवर म्हणाली, "बाबा, या हिवाळ्यात ती जमीन गरम झाली नाही, तर मी येऊन तुम्हाला उचलून नेणार. वाद नको!"

ॲरिझोना! तिच्या गावात बोट फक्त कॅलेंडरवर.

आर्विडनं जमीन उखडली. नव्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याचे पाइप घालायचं ठरलं. बॉयलर केवढा हवा ते सांगायला नुकताच टेक्सासहून आलेला ड्वेन आला. त्यानं भिंती मोजल्या, दार मोजलं, इथला पारा कुठवर उतरतो ते विचारलं.

"काका, खाली थर्माकोलचे तक्ते घालू? नाहीतर ऊब मातीत जाईल."

"छे, उगाच कशाला."

"नक्की ना?"

"नको रे, तुला त्रास."

आता, आपल्यात दोनदा नको म्हणायची रीतच आहे. तिसऱ्यांदा विचारलं की 'एवढं म्हणतोस तर घाल' म्हणायचं. आर्विड ते वाक्य ओठांवर घेऊन उभा राहिला. ड्वेननं मान डोलावली आणि काँक्रीटची गाडी बोलावली. ती रिकामी होईस्तोवर आर्विड वाट बघत होता.

बॉयलर हिशेबापेक्षा एक माप मोठा घेतला. जमीन गारच. त्याहून मोठा आणला. ऊब मातीत शिरली ती भिंतीपलीकडे निघाली. बाहेरचं बर्फ वितळलं, गवत उगवलं, अस्वल जांभई देत आलं, शेजारी खुर्च्या टाकून ऊन खाल्ल्यासारखे बसले. आत आर्विड, लोकरीच्या दोन-दोन मोज्यांत, कुडकुडत.

"काका, गॅरेजपुरता बॉयलर मिळेल," ड्वेन म्हणाला. "अख्ख्या जिल्ह्याला पुरेल असा कुठून आणू? काँक्रीट फोडून तक्ते घालू?"

"छे, उगाच कशाला," आर्विड सवयीनं म्हणाला.

"नक्की ना?"

"नको रे, तुला त्रास."

आणि काय सांगू, या खेपेला ड्वेननं तिसऱ्यांदा विचारलं! काँक्रीट फुटलं, तक्ते बसले, एवढासा बॉयलर पुरला. आज या घडीला आर्विड तिथे अनवाणी…

"खोटं!" लव्हॉननं किटली आपटली. "अस्वल गिळलं मी तुमचं, पण हे नाही. मार्लिसच्या गाडीत त्याची बॅग मी ठेवली. 'वरची खोली रिकामी आहे, इथेच राहा,' म्हटलं त्याला. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार, तेवढ्यात तिनं गाडी काढली."