आधी आकडा, मग काम

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. रुमानियातल्या जिऊ नदीच्या खोऱ्यात कोळशाची एक खाण होती. तिथे खाणीत उतरणाऱ्यांना दिवे द्यायची एक खोली होती. त्या खोलीत मी एकतीस वर्षे भिंतीवर टांगलेला होतो.

खाणीच्याच सुताराने मला बनवले. बीच झाडाच्या फळ्या जोडल्या, काळा रंग फासला आणि खालच्या पट्टीवर चाळीस खिळे ठोकले. खाली उतरणारा प्रत्येक माणूस दिवा घेई आणि आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवी. वर आला की बिल्ला काढून नेई. पाळी संपल्यावर ज्या खिळ्यावर बिल्ला उरला, तो माणूस अजून जमिनीखाली आहे, असे सगळ्यांना कळे. हे माझे खरे काम होते आणि त्यात मी कधी चुकलो नाही.

माझ्या वरच्या भागावर मात्र खडूने लिहीत. त्या पाळीत किती कोळसा निघाला, ते दांचू मुकादम लिहायचा. पण गंमत अशी, की तो पाळी सुरू होण्याआधीच लिहायचा! सकाळी साडेसहाला वरच्या साहेबांचा फोन यायचा, तेव्हा आकडा तयार पाहिजे. ‘एकशे चार टक्के’ असे तो ठोकून द्यायचा आणि मग माणसे त्या आकड्याच्या मागे धावायची. बऱ्याचदा पोचायचीही. साहेब आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “फळा असावा तर असा.” तेव्हा मला मूठभर मांस चढायचे. आता त्याची लाज वाटते.

माझ्या कोपऱ्यात खाणीतल्या वायूचा आकडाही लिहीत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दांचूने कालचाच आकडा लिहून टाकला. मोजणारा माणूस अजून खाली पोचलाही नव्हता. दहाच्या सुमारास खाली वायूचा स्फोट झाला आणि भिंत हादरली. त्या दिवशी माझ्या तीन खिळ्यांवर बिल्ले उरले. सत्तावीस नंबरचा बिल्ला टितू नावाच्या खाणकामगाराचा होता.

दांचूला घरी बसवले. मला ओल्या फडक्याने पुसले. सोमवारी नव्या मुकादमाने पाळीच्या आधीच आकडा लिहिला.

काही वर्षांनी खाण बंद झाली. टितूचा धाकटा भाऊ रेमुस मला शेजाऱ्याच्या गाडीच्या टपावर बांधून घरी घेऊन आला. गाडीवाला शेजारी योझिफ हसत सुटला, “अरे, लोक खाणीतून तांब्याच्या तारा लांबवतात आणि तू हे लाकूड लांबवलंस?” रेमुसची बायको ऑरिका मात्र दारातच आडवी आली.

“हा माझ्या घरात नको, रेमुस. माझ्या अंगावर काटा येतो.”

“टितूचा खिळा आहे त्यावर,” रेमुस म्हणाला.

ती बाजूला झाली. मी स्वयंपाकघरात, टेबलासमोर टांगला गेलो.

रेमुस तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. खाण बुजवायच्या कामावर त्याला अजून ठेवले होते, पण ते काम उन्हाळ्यात संपणार होते. इकडे ऑरिकाच्या बहिणीने तिच्यासाठी इटलीत जागा बघितली होती. वेरोनातल्या एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचे होते. घर चांगले होते आणि रविवारी सुट्टी होती. त्या लोकांना मेअखेर उत्तर हवे होते. आमच्या खोऱ्यातल्या अर्ध्या बायका अशाच गेल्या आहेत. त्यांची मुले आईला फोनच्या पडद्यावर बघून मोठी होतात. रेमुसला ते नको होते. त्याची इलिन्का तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती.

तेवढ्यात बातमी आली. संगणकाच्या तक्रारी फोनवर सोडवणारी एक कंपनी जवळच्या शहरात ऑक्टोबरात कचेरी उघडणार होती. दोन प्रमाणपत्रे असलेल्या माणसांना ती घेणार होती, मग त्यांनी आधी कोळसा खणलेला असला तरी चालेल. पहिले प्रमाणपत्र संगणक दुरुस्तीचे, त्याचे दोन पेपर. दुसरे नेटवर्कचे. रेमुसने शिकवणी लावली. शिकवणाऱ्या झाम्फिराबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. जानेवारीत एकदा घरी येऊन त्यांनी माझ्यावर वेळापत्रक आखून दिले.

“काका, तुम्ही कामावरून दमून येणार. रोज दीड तास धरू या, जास्त नको,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पेपरला दोन महिने, दुसऱ्याला दोन. मग नेटवर्कला तीन. प्रत्येक परीक्षेच्या आधी एक आठवडा नुसत्या सराव चाचण्या. आणि एक महिना नापास होण्यासाठी.”

“नापास व्हायलाही महिना?” रेमुस हसला. “बाई, आमच्याकडे असा प्लॅन दिला असता तर हाकललं असतं.”

“म्हणून तर म्हणते. सप्टेंबरअखेर दोन्ही हातात येतील. घाई केलीत तर एकही येणार नाही.”

बाई गेल्या आणि रेमुसने फडके घेतले. नापास होण्याचा महिना पुसला, सराव चाचण्या पुसल्या. चार महिन्यांचे अडीच केले. मेअखेरपर्यंत पहिल्या प्रमाणपत्राचे सगळे धडे आणि नेटवर्कचे अर्धे, असे ठळक लिहिले. ऑरिकाला तो म्हणाला, “मेमध्ये तूच बघ आणि ठरव. तुला जायची गरज पडणार नाही.”

मित्रांनो, त्याला खोटे बोलायचे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण हात खाणीचा होता. संध्याकाळी घरी आला की तो आधी खडू उचलायचा, त्या दिवसाच्या धड्यापुढे खूण करायचा आणि मग मामालिगा या मक्याच्या घाट्याचे नि लोणच्याचे ताट पुढे घ्यायचा. जेवण झाले की पुस्तक उघडायचे, असे त्याच्या मनात पक्के असायचे. मग पहिल्याच पानावर त्याची मान खाली जायची. राहिलेला धडा रविवारी भरून काढू, असे तो पुटपुटायचा. रविवारी छपराची गळती निघायची, नाहीतर सासऱ्याची लाकडे फोडायची असायची. खुणा मात्र रोज वाढत होत्या. मी ओरडू शकत नव्हतो. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो.

मेअखेर ऑरिका माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने बोटाने एकेक खूण मोजली. एकही जागा रिकामी नव्हती.

“रेमुस, हे खरंच झालंय ना?”

“दिसतंय ना तुला?” तो बुटाची नाडी सोडत म्हणाला.

तिने तिथेच फोन लावला आणि वेरोनाच्या लोकांना नाही म्हणून सांगितले. मग ती चक्क गाणे गुणगुणत कोबी चिरायला बसली. रेमुसच्या बुटाची नाडी कितीतरी वेळ सुटेना.

जूनमध्ये परीक्षा झाली. पास व्हायला सातशे गुण लागत होते, त्याला पाचशे चाळीस मिळाले. दुसऱ्या पेपरला तो बसलाच नाही. घरी येऊन टोपीही न काढता माझ्यासमोर उभा राहिला. ऑरिकाने त्याचा चेहरा बघितला, मग माझ्याकडे बघितले.

“यातले किती धडे वाचलेस?”

“नऊ,” तो म्हणाला. खुणा एकशे दहा होत्या.

“टितूही असाच गेला, रेमुस. कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

वेरोनाची जागा तोवर दुसऱ्या बाईला मिळाली होती. ऑरिकाला मिळाली ती इटलीच्या दक्षिण टोकाकडची, बारी शहराच्या पलीकडची, अंथरुणाला खिळलेल्या आडदांड म्हाताऱ्याची. त्याला रात्रंदिवस उचलायचे होते आणि रविवारची सुट्टी नव्हती. जुलैत तिची गाडी ठरली. जायच्या आदल्या दिवशी तिने मला स्वतः पुसले आणि झाम्फिराबाईंना फोनवर विचारून तेच पहिले वेळापत्रक पुन्हा लिहिले, नापास होण्याच्या महिन्यासकट. खडू तिने इलिन्काच्या हातात दिला.

“बाबाला दहा प्रश्न विचारायचे. आठ बरोबर आले तरच खूण. सात आले तर?”

“नाही करणार,” इलिन्का म्हणाली.

“रडला तरी नाही करायची.”

सकाळी दाराशी गाडीचा भोंगा वाजला. ऑरिकाने घराची किल्ली पर्समधून काढली आणि टितूच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली. ती खाणकामगाराची बायको, तिला काही समजावून सांगावे लागत नव्हते. “परत आले की काढीन,” एवढेच म्हणाली.

ऑक्टोबरात कंपनीची कचेरी उघडली आणि जागा भरल्या. रेमुसचे पहिले प्रमाणपत्र डिसेंबरात आले. आता तो नेटवर्क शिकतो आहे आणि दिवसा बाजारात पोती उचलतो. कंपनी पुन्हा माणसे घेईल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. माझ्यावर खुणा फार थोड्या आहेत. कधी कधी आठवडाभर एकही होत नाही. इलिन्का काही केल्या ऐकत नाही. परवा सात बरोबर आले, तर रेमुस म्हणाला, “अगं, एकच तर कमी पडला.” तिने खडू खिशात घातला आणि भांडी घासायला गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा फळा असेल, निदान कागदाचा चिटोरा तरी असेल. त्यावर झालेले तेवढेच लिहा. न झालेल्याची जागा रिकामी ठेवा, आम्हाला रिकामे राहायची लाज वाटत नाही. एकतीस वर्षे माझ्या वरच्या भागावर कुणीही काहीही लिहिले, मी ते निमूटपणे दाखवले. पण खालची खिळ्यांची पट्टी कधी खोटे बोलली नाही. तिच्यावर आज एक किल्ली आहे. इलिन्का रोज सकाळी शाळेला जाताना ती बघते.

ऑरिका अजून वर आलेली नाही.