वेड्या बाभळीला घातलेली वाघर

सविता, ते पुस्तक मीट. पप्पू, तूबी ऐक, मग काय हसायचं ते हस. साडेअकराच्या यष्टीनं मला माघारी पाटसला जायचंय, तेवढ्यात सगळं सांगते.

आमचं तळं तुम्ही बघितलंय. पाटसच्या पल्याड, फॉरेस्टनं तार मारून राखीव केलेलं. तिथं संपतमामा हायेत, फॉरेस्टचे रोजंदारीवाले. रोज काय दिसलं ते वहीत लिहायचं त्यांचं काम. पण त्यांचं अक्षर म्हंजी कोंबडी चालून गेल्यावानी, म्हणून वही मीच लिहिते. जानेवारीतलं पान काढलं तर बघ: पाखरांत चमचे चाळीस, शराट्या साठ, रोहित दोनशे अकरा, एक कोल्हा, मुंगसाची जोडी. आन् तळ्यातल्या वेड्या बाभळींवर करकोच्यांची बावीस घरटी. ते पांढरे, शेपटीला गुलाबी पिसं असलेले. पुस्तकात त्यांना चित्रबलाक म्हणत्यात.

औंदा पाऊस न्हाई. माणसांनाच टँकर, तिथं तळ्याला कोण पाणी देतंय? बाभळींच्या बुडाला कमरेएवढं पाणी असायचं, म्हणून कुत्री पोचायची न्हाईत. मार्चात पाणी हटलं आन् कुत्र्यांना वाट झाली. झाडं ठेंगणी. खालनं भुंकलं की पिलं बावरत्यात, फांदीवरनं पडत्यात, आन् पडलं की संपलं.

संपतमामांनी साहेबाला फोन लावला. साहेब म्हणले, वहीत नोंद करा. मामा फोन ठेवून मला म्हणले, "मोने, नोंद करा म्हणत्यात. राखा म्हणून कुणी म्हणत न्हाई."

मग नोंद केली. मंगळवारी पिलं एकतीस. गुरुवारी चोवीस. शनिवारी अकरा. ती अकराबी एकाच बाभळीवर, जिथं गुडघाभर डबकं उरलंय. त्यांना उडायला अजून दहा-बारा दिवस लागणार.

तवा मी माझ्या आज्याकडं, आबांकडं गेले. म्हणलं, "आबा, तुमची वाघर द्या."

अरे वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, पप्पू. दोरीची, छातीएवढी उंच. मेंढरं इकून चौदा वर्सं झाली, पण वाघर आबांनी आढ्याला जपून ठेवलीय. मला वाटलं देणार न्हाईत. तर म्हातारा स्वतः चिखलात उतरला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्सी. माझा चुलतभाऊ बिरदेव म्हणला, "आबा, तुम्ही रुतला तर तुम्हाला काढायला बैल न्हाईत आपल्याकडं." आबा म्हणले, "तू खुटी ठोक. तोंडानं न्हाई ठोकली जात."

आन् एकच सारखं सांगत होते: "खाली फट ठेवू नका. लांडगा खालनंच येतो." जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, चुकीचं कसं सांगंल? डबक्याचं पाणी अर्धं जाळीच्या आत, अर्धं भाईर. पाण्यातबी आम्ही वाघरीची खालची कड तळाला दाबली, वर धोंडे ठेवले. सांच्याला पाच कुत्री आली. गोल फिरली, हुंगली, गेली. रविवारी पिलं अकरा. सोमवारी अकरा. सोमवारी मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

आज सकाळी गेले तर एक मोठा करकोचा जाळीत.

हे पाखरू बघून मासा धरत न्हाई, सविता. चोच उघडी ठेवून पाण्यात घालतं, मान डावी-उजवी हलवत चालतं. चोचीला काय लागंल ते धरतं. हे मला म्हायती होतं. मीच लिहिलंय वहीत, माझ्या अक्षरात. आन् मासे कुठं उरल्यात? त्याच डबक्यात. चोच जाळीत गेली, काढाया गेलं तर पाय गेला, मग सगळंच गुंतलं. पंख आपटत होतं. बांधावर कुत्री उभी राहिली ऐकून.

बिरदेव म्हणला, "गाठी सोडू." आबा काठावरनं वरडले, "काप. काप म्हणतोय न्हवं." मी पाखराला मिठी मारली. हे ओठावरचं खरचटलेलं बघ, त्याच्या पंखाचं हाय. बिरदेवनं विळ्यानं सपासप कापली वाघर. पाखरू सुटलं, उडालंबी, पण एक पाय लोंबत होता. बाभळीवर न्हाई आलं, कारखान्याच्या अंगाला गेलं. त्याची दोन पिलं तोंड वासून बसलीत. जोडीदार येतोय, पण एकटा कुणाकुणाचं भागवणार?

काय म्हणलास? शिवायची? शिवली की. सुतळीनं शिवली. पण परत पाण्यात सोडली तर दुसरं अडकणार. म्हणून आबांनी सगळीकडनं हातभर वर उचलून बांधली. ज्या फटीला आयुष्यभर भ्याले ती स्वतःच्या हातानं ठेवली. आता कुत्रं खालनं सरळ आत जातंय. मी निघाले तवा एक शिरलंच होतं. बिरदेवनं धोंडा घातला म्हणून पळालं. पण त्या गडबडीत एक पिलू खाली पडलंच. पिलं दहा हायेत आता.

भोवती फिरलं तर साठ पावलं भरत्यात. आबा एका अंगाला काठी घेऊन बसल्यात, पाय चिखलात. बिरदेव दुसऱ्या अंगाला. तिसरी मी. मागच्या अंगाला बाभळीच्या पलीकडचं कुणालाच दिसत न्हाई.

व्हय, परवा इकॉनॉमिक्स हाय, म्हायती हाय मला. माझाबी तोच पेपर हाय, सविता. चिखलात बसून वाच, मी तेच करणार हाय. पप्पू, तू म्हणशील कुत्री माझं तोंड बघून पळणार हायेत व्हय. तर पळतील. गाणंबी म्हण, मग फिरकणारबी न्हाईत.

यष्टी लागली बघ. तुमच्यावर जबरदस्ती न्हाई माझी. न्हाई आलात तरी चालंल.

न्हाई. चालत न्हाई. मी उगं म्हणलं. चौथं माणूस पायजेच. मी हितं बोलत बसलीय तवर तिसरी बाजूबी मोकळी हाय. चला की. कुणीतरी एक तरी चला.