पाच कप्प्यांच्या ताटाचा सूड

मित्रांनो, मी एक जुने ताट आहे. स्टीलचे, पाच कप्प्यांचे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

चंद्रपूरजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये गुणाबाईंचे भोजनालय होते. तिथे माझ्यासारखी दीडशे ताटे होती. सहलीला आलेली कुटुंबे घसरगुंडीपाशी उभी राहून वाद घालत, जेवायचे कुठे? सोबतचे पोर भाजी पाहूनच तोंड फिरवायचे. पार कुरखेड्याहून दुसऱ्यांदा आलेले लोक मात्र सरळ आमच्याकडे वळत, कारण गुणाबाईंची रीत त्यांना ठाऊक होती. काहीही वाढण्याआधी त्या रिकामे ताट पोरासमोर धरत आणि म्हणत, "कोन्त्या कप्प्यात काईच नाई पायजे, तिथी बोट ठेव." पोर बोट ठेवी. तो कप्पा रिकामाच राही आणि बाकीच्या चार कप्प्यांतले पोर निमूटपणे खाई. आईबाप बघत राहत. मला फार अभिमान वाटे.

मग प्रफुल मॅनेजर झाला. "हे ताटं जेलमधल्यासारखे दिसते," असे म्हणून त्याने भोजनालयाला कुलूप ठोकले. पुढे काचेचे रेस्टॉरंट काढले, चपट्या रंगीत प्लेटा आणल्या. माझी सगळी भावंडे भंगारात गेली. अठरा वर्षे ते भोजनालय चालवणाऱ्या गुणाबाईंना त्याने भांडी घासायला बसवले. मला गळक्या एसीखाली ठेवले. तिथे पाणी झेलत मी रोज त्याचे वाईट चिंतत असे.

एका रविवारी तो बायको रंजीताला आणि पाच वर्षांच्या दिव्यानीला आपले रेस्टॉरंट दाखवायला घेऊन आला. भरलेली प्लेट समोर आली. आलूचा रस्सा वाहत जाऊन भाताला लागला आणि दिव्यानीने हात मागे घेतला.

"हे त्याले लागलं. मी नाई खात."

प्रफुलने समजावले, मग दटावले. पोर रडू लागली. आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली.

"तिले घरी वाट्या वेगळ्या लागतात," रंजीता म्हणाली. "तुमाले मालूम नाई काय?"

मला आनंद झाला, मित्रांनो. पोर उपाशी आहे हे दिसत होते, तरी झाला. अजून रड, असे मी मनात म्हणत होते.

गुणाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मला उचलले, स्वच्छ घासले आणि दिव्यानीसमोर धरले. तिने मधल्या कप्प्यावर बोट ठेवले. भात एकीकडे, वरण दुसरीकडे. ती जेवली, पोटभर जेवली.

ते पाहून बाजूच्या टेबलावरचे पोर म्हणाले, "मलेबी तसंच ताट." मग दुसरे, मग तिसरे. रांग लागली आणि ताट होते एकच.

प्रफुलने खिशातून किल्ली काढली. "गुणाबाई, उद्यापासून तुमचं भोजनालय उघडा."

"किल्ली ठेवा तिथी," त्या म्हणाल्या. "मले वाढाचं हाय. तुमी ताट धुवा, पोरं वाट पाहून राह्यले."

मॅनेजरसाहेबांनी बाह्या वर केल्या.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, असे मी सांगायला हवे, आणि सांगतेही. जे जपत नाहीत त्यांनी एवढे ऐकावे. कप्प्याच्या कोपऱ्यात चिकटलेले वरण घासणीने निघत नाही, नखाने खरवडावे लागते. त्या दुपारी प्रफुलने मला एकवीस वेळा धुतले, आणि दर वेळी मी ते घट्ट धरून ठेवले.