ट्रंकेवरचा नंबर

भिवा ओव्हाळांनी दोन वर्षं लेकीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. अंजलीने निगडी प्राधिकरणात फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा मालकाने विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे आपल्यातलेच ना?" आणि नवऱ्याच्या आडनावाच्या आडोशाने तिने मान डोलावली होती. भिवा पहिल्यांदा तिथे गेले, तर बाबासाहेबांचा फोटो कपाटात! आल्या पावली चपला घालत ते कडाडले, "माझा बाप छाती काढून पलटणीत लढला. जात चोरून जगायचं आमाला कुणी शिकवलं न्हाई."

ह्या बापाचं भिवांना भारी कौतुक. सोपानराव ब्रह्मदेशात लढले, पायाला गोळी लागली म्हणून परत आले, ही कथा ऐकली नाही असा माणूस देहूरोडच्या वस्तीत सापडला नसता. भिवा कंपनीत फिटर होते तेव्हा कँटीनमध्येही त्यांचं हेच दळण. आता विहारापुढे वस्तीतल्या जुन्या सैनिकांच्या नावांची शिळा बसणार होती आणि समितीला कागद हवा होता. भिवांकडे होती फक्त बापाची पत्र्याची ट्रंक आणि तिच्या झाकणावर कोरलेला फौजी नंबर.

अर्ज अंजलीनेच केला. हिंजवडीच्या ऑफिसातून ती आठ महिने फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसच्या मागे लागली. दर रविवारी देहूरोडला यायची, काय झालं ते सांगायची आणि निघताना म्हणायची, "घरी चला ना, अण्णा." तिला काय हवंय ते भिवांना कळत होतं. पण कळल्याचं दाखवतील तर ते भिवा कसले!

अंजली लिफाफा घेऊन आली तेव्हा भिवांनी शेजारच्या साहेबरावांना बोलावलं. तीस वर्षं फौजेत क्लार्क होते ते. आत चार पानं, शाई फुटलेली, झेरॉक्स काळपट. अक्षर लागत नव्हतं, लागलं तर अर्धे शब्द तोडलेले.

"नाव सोपान मोरे," साहेबराव म्हणाले.

"मोरे? मग दुसऱ्याचा कागद हाय ह्यो. सरकारी कारभार, दुसरं काय!"

"थांबा भिवाभाऊ. नंबर ट्रंकेवरचाच आहे. बापाचं नाव राघू, गाव तुमचंच. डाव्या भुवईवर खूण होती का?"

भिवांनी मान हलवली. बैलाचं शिंग लागलं होतं तिथे. लहानपणी त्या खुणेवरून त्यांनी कितीदा बोट फिरवलं होतं.

साहेबराव एकेक ओळ लावत गेले. "भरती एकोणीसशे चाळीस. जात, मराठा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लढायला आपल्याला घेत नव्हते तेव्हा. आपली महार पलटण पुढच्या वर्षी उभी राहिली. सात महिन्यांनी नाव कापलंय. कारण, भरतीला जात खोटी सांगितली. गावच्या पाटलाने पत्र धाडून कळवलं होतं."

"आन् ब्रह्मदेश?"

"ट्रेनिंग सेंटरच्या बाहेर पाठवलंच नाही त्यांना."

गोळीचं विचारायची भिवांची छाती झाली नाही. पाटलाच्या सात पिढ्यांचा त्यांनी उद्धार केला, मग म्हणाले, "एक वरीस थांबला असता, तर सोताच्या नावानं गेला असता की रं."

अंजली समोरच बसली होती. तिच्या जागी आपण असतो तर आज वचपा काढला असता, हे भिवांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या न बोलण्याचाच त्यांना संताप आला.

तेवढ्यात समितीच्या मंजुळाबाईंचा फोन आला. फोन स्पीकरवरच होता, भिवांना कमी ऐकू यायचं.

"भाऊ, कागद आला का? उद्या नावं कोरायला द्यायचीत."

भिवांनी चारही पानं गोळा केली, ट्रंकेत टाकली आणि झाकण लावलं.

"न्हाई वो. जुनं रेकॉर्ड जळालं म्हणत्यात."

"जळू द्या. तुमच्या शब्दावर लावू नाव. तुम्ही कधी खोटं बोललाय का? सोपानराव ओव्हाळ, ब्रह्मदेश. बरोबर ना?"

साहेबराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"बरोबर," भिवा म्हणाले.

अंजलीने पर्स उचलली. "येते, अण्णा," ती म्हणाली. घरी चला, असं ह्या वेळी तिने म्हटलं नाही.