पट्ट्याचं लांबचं भोक

मी एका स्वयंपाक्याच्या कमरेचा पट्टा बोलतोय. सध्या मुक्काम दारामागच्या खिळ्यावर. आत्मवृत्त सांगायला तोंड लागतं, ते मला नाही, नुसतं बक्कल आहे. पण उघडझाक करण्यापलीकडे बऱ्याच माणसांची तोंडंही फारसं काही करत नाहीत, म्हणून धीर केला.

पूर्वी मी एका जनावराच्या पाठीवर होतो. त्या जन्मातलं काही आठवत नाही. कातडं कमावण्याच्या कारखान्यातले वासाचे हौद आठवतात, पण ते सांगून तुमच्या जेवणाची चव घालवणार नाही. पुढे कारागिराने मला कापलं, कडा घासल्या, पाच भोकं पाडली आणि दुकानात पाठवलं. माप सगळ्यांत मोठं. त्यामुळे मी रांगेत शेवटी लटकून धूळ खात राहिलो. ज्यांना माझी गरज होती ते हटकून माझ्या शेजारचा, लहान मापाचा पट्टा मागत, श्वास आत ओढून लावून बघत आणि तोच घेऊन जात. माणूस खोटं बोलायला कमरेच्या मापापासून सुरुवात करतो, असं माझं अनुभवाअंती मत झालं आहे.

मग एक दिवस एक गृहस्थ आले आणि त्यांनी सरळ माझ्याकडेच बोट दाखवलं. एका मोठ्या कार्यालयाच्या कॅन्टीनचे ते मुख्य स्वयंपाकी. बरोबर बायको आणि मुलगी.

"साहेब, हा घ्या," दुकानदार म्हणाला. "याच्यापुढे दोन जोडावे लागतील."

"मग दोनच द्या," बायको म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा कोण येणार?"

"अगं, स्वयंपाकीच वाळलेला दिसला तर लोक कॅन्टीनमध्ये जेवतील का?"

मुलगी हसून हसून काउंटरवर वाकली. मला त्याच दुकानात, त्याच घटकेला, पहिल्या भोकात अडकवण्यात आलं आणि माझ्या नोकरीला सुरुवात झाली.

नोकरी कष्टाची होती, नाही म्हणत नाही. ते गृहस्थ प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखत, मग खात्री करायला वाटीभर, आणि मग सगळ्यांबरोबर जेवायला बसत. बसण्याआधी मला सैल करत. तेवढीच माझी मधली सुट्टी. मी दिवसभर ताणलेला असायचो, शिवण कुरकुरायची. माझ्या तक्रारीची दखल कुणी घेतली नाही. नोकरीत घेत नाहीतच.

एक सवय मात्र मला आवडायची. बाजारात गर्दी असली की गृहस्थांच्या दोन्ही हातांत पिशव्या असत, म्हणून बायको मागून माझ्यात बोटं अडकवून चालायची. हरवू नये म्हणून. कोण हरवू नये, ते कधी ठरलं नव्हतं. माझ्यात आणि त्यांच्या पाठीत जागा इतकी कमी, की दोन बोटं जेमतेम शिरत.

मुलीला ते मॅनेजरबाई म्हणायचे. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची, आणि घरात सगळ्यांना. कोणी काय घालायचं, फ्रीजमध्ये काय कुठे ठेवायचं, सगळे हुकूम तिचे. तिच्या पायांवर सूज यायला लागली तेव्हा तिने बुटांना दोष दिला, मग उन्हाला. दोष किडन्यांचा निघाला. दोन्हींचा.

आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बरं. आईच्या रक्तात साखर, ती पहिल्याच तपासणीत बाद झाली. वडिलांचं सगळं जुळलं. रक्त जुळलं, किडनी ठणठणीत निघाली. आडवं आलं ते फक्त मी ज्याच्यावरून जातो ते.

"किडनी उत्तम आहे हो," डॉक्टर म्हणाले, "पण तिच्याभोवती सामान फार रचून ठेवलंय तुम्ही. एवढ्या वजनावर ऑपरेशन केलं तर तुमच्याच जिवाला धोका. आधी हे उतरवा."

गृहस्थांनी चालून पाहिलं, गुडघे बोलले. उपाशी राहून पाहिलं, पण दिवसभर पातेल्यांपुढे उभं राहून उपाशी राहणं म्हणजे काय ते मलाच माहीत. शेवटी डॉक्टरांनी भूक मारणारी इंजेक्शनं लिहून दिली. आठवड्याला एक, पोटावर.

अख्ख्या घरात या इंजेक्शनाला मी सर्वांत जवळून पाहिलं आहे, कारण आधी मला सोडावं लागायचं. दिसायला पेन. रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलाशी कार्यक्रम असायचा. तापलेले तवे उघड्या हाताने धरणारा हा माणूस सुई बघून छताकडे तोंड करायचा.

"बाबा, हलू नका."

"मी कुठे हलतोय? खुर्ची हलतेय."

"मला आठवड्यात तीनदा टोचतात, ती सुई दाभणाएवढी असते. ही तर डासाची सोंड आहे."

"डास निदान परवानगी मागत नाही. टोचलीस?"

"केव्हाच. उघडा डोळे. सगळी गल्ली ऐकतेय तुमचं कण्हणं."

औषधाने काम चोख केलं. पहिल्यांदा ताटात अर्धा पाव उरला तेव्हा बायको त्या अर्ध्या पावाकडे पाहतच बसली, पाहुणा आल्यासारखी. कॅन्टीनमध्ये कांदा परतायला टाकला की गृहस्थांना मळमळायचं. ते मागच्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि तिथूनच वासावर सांगायचे, "मीठ कमी आहे." एखाद्या दिवशी उलटी व्हायची, एखादा आठवडा पोट साफ व्हायचं नाही. पण गडी खुशीत होता. मी सैल पडायला लागलो होतो ना!

कारागिराने पाडलेली पाचही भोकं संपली. मग मॅनेजरबाईंनी कारखान्यातून भोक पाडायचं हत्यार आणलं, मला टेबलावर आडवं घातलं आणि सहावं पाडलं. चामड्याची एवढीशी टिकली खाली पडली, ती तिने बटणांच्या डब्यात ठेवली.

"ती कशाला?"

"हिशोब नको? तुमचं पोट जमा करतेय मी."

त्याच वेळी तिने आणखी एक काम केलं. डॉक्टरांनी सांगितलेलं वजन मनात धरलं, वडिलांच्या कमरेकडे कापड बेतायच्या नजरेने पाहिलं आणि बाकीच्या भोकांपासून खूप लांब, बरंच बक्कलाच्या बाजूला, एकच भोक पाडलं.

"इथे पोचलात की ऑपरेशन."

गृहस्थांनी त्या भोकातून एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. "दिसतेस," म्हणाले.

मधली भोकं एकामागून एक पडत गेली. डब्यात टिकल्या वाढत गेल्या. ओळखीचे लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "वा, काय बारीक झालात! आम्हालाही सांगा की गुपित." एकाला तर तेच औषध मुलीच्या लग्नातल्या फोटोंसाठी हवं होतं. गृहस्थ सगळ्यांना हसून सांगायचे, "मॅनेजरबाईंची मेहेरबानी."

मग घरचा फ्रीज बिघडला. मॅनेजरबाईंची डायलिसिसची सुई टोचायची हातातली शीर बंद पडली होती, म्हणून त्या दिवसांत त्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होत्या. महिन्याची नवी पेनं नुकतीच आणलेली. ती थंड ठेवायची असतात एवढं गृहस्थांना पाठ होतं. त्यांनी आपल्या सगळ्या आयुष्याचा अनुभव वापरला आणि ती कॅन्टीनच्या मोठ्या डीप फ्रीझरमध्ये नेऊन ठेवली, मांसाच्या शेजारी. तिथे काहीही महिनोन्‌महिने टिकतं, हा स्वयंपाक्याचा विश्वास. शनिवारी संध्याकाळी ते एक पेन फडक्यात गुंडाळून डब्यातून घरी आणायचे.

"थंड ठेवलं होतंत ना?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"थंड? अगं, कॅन्टीनचा फ्रीझर आहे तो, आत माणूस ठेवला तर दगड होईल."

ती हसली. टोचलं.

आणि भूक परत आली. आधी थोडी, मग मागचा सगळा हिशोब चुकता करायला आल्यासारखी. पातेल्यातला चमचा पुन्हा वाटी झाला. मी मागच्या भोकात गेलो. गृहस्थांनी ते लपवलं. घरी येताना जिन्यात थांबायचे, श्वास ओढायचे, मला पुढच्या भोकात कोंबायचे आणि मगच घंटी वाजवायचे. दुकानातले ते सगळे लोक मला आठवले. पण ते स्वतःसाठी खोटं बोलत होते.

त्यांची खात्री झाली होती की दोष आपल्या जिभेचा आहे. औषध तर दर रविवारी टोचलं जातंय, मग उरलं कोण? एका दुपारी बायकोने त्यांना ओट्यापाशी उभं राहून पाव खाताना पकडलं. तुकड्यामागून तुकडा, तोंड भरलेलं, डोळे खाली.

"लाज वाटत नाही?" ती म्हणाली. "पोरीपेक्षा पोट मोठं झालं का तुम्हाला?"

त्यांनी तोंडातला घास गिळला नाही. बेसिनमध्ये टाकला, नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं. 

पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं. सिस्टरने काट्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"काका, पेन ठेवता कुठे?"

"कॅन्टीनच्या डीप फ्रीझरला," गृहस्थ म्हणाले. त्याही अवस्थेत आवाजात थोडा अभिमान होताच. "एकदम कडक थंडी."

सिस्टरने हातातलं लिहायचं पेन खाली ठेवलं. "काका, हे औषध एकदा गोठलं की टाकून द्यायचं असतं. त्यात जोर राहत नाही. इतके दिवस तुम्ही पाणीच टोचून घेतलंत."

म्हणजे जीभ निर्दोष होती. पण त्या खोलीत कुणालाही त्याचा आनंद झाला नाही. बायको भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. तिने मागून माझ्यात बोटं अडकवली आणि बस येईपर्यंत काढली नाहीत.  काही वाक्यं परत घ्यायची सोय नसते.

घरी मॅनेजरबाई म्हणाल्या, "फ्रीझरचं तुम्ही मला सांगितलं होतंत की. मीच हसले. आता रडायचं नाही, नवीन पेन आणायचं."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. लहान मात्रा, मळमळ, मागचं दार. गेलेले महिने गेले. पण गृहस्थ या वेळी चेटूक झाल्यासारखे उतरत गेले, आणि एका सकाळी दवाखान्यात निघताना त्यांनी मला ओढलं, बक्कलाचा काटा सरकत पुढे गेला आणि त्या लांबच्या भोकात अलगद बसला. श्वास न ओढता.

"मॅनेजरबाई!" त्यांनी हाक मारली. ती भिंतीला धरत आली, खाली बसली, काट्यावर बोट फिरवून तपासलं. कारखान्यात तयार माल तपासतात तसं.

"पास," म्हणाली.

ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या आठवड्यात घरात सगळे जण जरा मोठ्याने बोलत होते.

तारखेच्या आधी तिला ताप भरला. डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की लगेच करू. गृहस्थ दवाखान्याच्या बाकावर मला त्या भोकात घालून बसून राहिले, तयार. कुणी बोलावलं की उठून आत जायचं, एवढंच बाकी होतं. बोलावलं तेव्हा त्यासाठी बोलावलं नाही.

आधी झालं असतं तर ती वाचली असती का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. डॉक्टरांनीही आपण होऊन सांगितलं नाही. दोघांचे उपकार परस्परांवर.

दवाखान्यातून निघताना बायकोने सवयीने मागून माझ्यात बोटं घातली. अख्खी मूठ आत गेली.

इंजेक्शनं त्याच दिवशी बंद झाली. आता कशाला? औषध अंगातून केव्हाच निघून गेलं असणार. भूक मात्र परत आली नाही. गृहस्थ कामावर जातात, पातेलं ढवळतात, चव दुसऱ्याला घ्यायला सांगतात. परवा रस्त्यात एकाने अडवलं. त्याला काही माहीत नव्हतं.

"अरे वा, आणखी उतरलात! चालू आहेत का अजून ती इंजेक्शनं?"

"नाही," गृहस्थ म्हणाले. "बंद केली."

"आणि तरी? कमाल आहे तुमची."

त्यांनी मान डोलावली आणि मला वर ओढून घेतलं.

हल्ली मी त्या लांबच्या भोकातही टिकत नाही. पँट घसरते. म्हणून काल बायकोने बटणांचा डबा काढला. हत्यार त्यातच होतं, टिकल्यांवर ठेवलेलं. तिने मला टेबलावर आडवं घातलं, लांबच्या भोकाच्या पुढे जागा पाहिली, टोक टेकवलं. मी अंग आकसून वाट पाहिली. दाब पडलाच नाही.

"नाही पाडणार मी," ती म्हणाली. "तिने पाडलंय त्याच्या पुढे मी नाही पाडणार."

ते ताटासमोर बसले होते. ताट जसंच्या तसं.

"एक घास खा हो."

"भूक नाही गं."

"तेव्हा मी जे बोलले..."

"काय बोललीस? मला काही आठवत नाही."

हा माणूस पुन्हा खोटं बोलला. या वेळीही स्वतःसाठी नाही. तिने हत्यार डब्यात ठेवलं, झाकण लावलं, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि घास करून त्यांच्या तोंडापाशी धरला. त्यांनी तोंड उघडलं. बराच वेळ चावत राहिले. गिळला की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण मी टेबलावर होतो. ते कळायला मी कमरेला असावं लागतं.

माझं मागणं मोठं नाही. जन्मभर ज्याची कुरकुर केली, तो ताण मला परत हवा आहे. पहिल्या भोकापर्यंतचा नको, मॅनेजरबाईंच्या भोकापर्यंतचा पुरे. त्या कमरेवर मी तिथे नीट बसावं, इतकंच. ती "पास" म्हणाली होती.

आज सकाळी ते मला न घालताच कामावर गेले. पँटला दोरी बांधून. मी खिळ्यावर आहे, आणि लांबच्या भोकातून समोरची भिंत दिसते आहे.